उसाच्या पानावरील पांढरी रेघ आणि जखमेतील जंतू



शेतकी खात्याच्या या पानावर दर अंकी लागण, खोडवा, खत, पाणी यांचाच मजकूर येतो. या वेळचा विषय थोडा आडवाटेचा आहे. त्यात ऊस आहेच, पण माणूसही आहे. वाचून झाल्यावर "साहेबांना ह्या हंगामात काम कमी दिसतंय" असे कोणी म्हणाले तरी हरकत नाही.

सुरुवात घरातूनच करतो. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दोन हंगामांपूर्वी रात्रपाळीच्या पाण्याला खोडव्यात दारे धरत होते. पाचटाखाली उसाचा तिरका तुटलेला बुडखा होता, तो पायात शिरला. आबांना मधुमेह. जखम ती केवढी, करंगळीच्या नखाएवढी. त्यांनी हळद दाबली, दुसऱ्या दिवशी दुकानातून गोळ्या आणल्या. दोन दिवस घेतल्या, ठणका कमी झाला, उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवल्या. आठ दिवसांनी पाय पुन्हा सुजला. पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा दोन दिवस. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी पाय काळा पडू लागला तेव्हा मला कळवले.

शहरातल्या डॉक्टरांनी पू तपासणीला पाठवला. चार दिवसांनी जो कागद आला तो मी अजून जपून ठेवला आहे. एका बाजूला औषधांची नावे, पंधरा-सोळा असतील, आणि प्रत्येकापुढे एकेक इंग्रजी अक्षर. बहुतेकांपुढे 'आर'. डॉक्टर म्हणाले, "आर म्हणजे रेझिस्टंट. हा जंतू ह्या औषधाला दाद देत नाही." दोन नावांपुढे 'एस' होते, म्हणजे लागू पडेल असे. त्यातल्या एकाची इंजेक्शने दोन आठवडे चालली. आबा वाचले, पायाची दोन बोटे गेली. घरी आल्यावर एक दिवस ओट्यावर बसून मला म्हणाले, "तू एवढ्या गावाला औषधं सांगत फिरतोस, ह्या जंतूला औषध नाही व्हय रं कुठं झाडापाल्यात?"

मी शेतकी पदविकेचा माणूस, मला काय उत्तर देता येणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. माझी पुतणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने काही शास्त्रीय लेख आणून दिले, न समजलेले समजावून सांगितले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

आधी रोगाचा आकार पाहू. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली बुरशीवरून लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळी केलेल्या भाषणातच त्यांनी बजावले होते की, औषधाचा अपुरा डोस दिला तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. जंतू म्हणजे येथे जीवाणू, बॅक्टेरिया. पुढे नेमके तेच झाले. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. यात आपला, म्हणजे शेतकऱ्याचाही वाटा आहे हे कबूल केले पाहिजे. कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळली गेली. कोलिस्टिन हे माणसाच्या दवाखान्यातले अगदी शेवटचे राखीव औषध, तेसुद्धा कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्याची विक्री व वापर बंद केला. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनयुक्त भुकटी कोणी किती फवारली, हे ज्याचे त्याला माहीत.

आता आबांच्या प्रश्नाकडे. झाडाला डॉक्टर नाही, रक्तात आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी नाहीत, पाय नाहीत की पळून जाईल. असंख्य जीवाणू आणि बुरश्यांनी भरलेल्या ओल्या मातीत मुळाचे बी टाकले तर ते कुजायला हवे, पण उगवते. कसे? मुळ्याच्या बियांवर बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात काम झाले. बी फुगून साल फाटली की त्यातून बारीक प्रथिने बाहेर झिरपतात आणि बियाभोवतीच्या ओलीत पसरून बुरशी रोखून धरतात, असे त्यांना आढळले. घराभोवती कुंपण घालावे तसे. (उसाचे बेणे हे बी नव्हे, कांडे आहे. दोन्ही टोके उघडी, साल नाही. म्हणून बेणेप्रक्रिया टाळू नका हे आपले नेहमीचे सांगणे.)

अशा बारीक प्रथिनांना पेप्टाइड म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. डाळीतल्या प्रथिनांच्या माळेत शेकडो मणी असतात. या पेप्टाइडांच्या माळेत तीस, पन्नास, फार तर साठ-सत्तर.

याचा पहिला धागा फार जुना आहे. गव्हाच्या पिठातले काहीतरी यीस्टला मारते, अशी शंका पाव करणाऱ्या देशांत पूर्वीपासून होती. १९४२ साली अमेरिकेत गव्हाच्या पिठातून एक गंधकयुक्त प्रथिन स्फटिकरूपात वेगळे काढण्यात आले आणि ते जीवाणू व बुरशी दोघांनाही मारते असे दिसले. नाव ठेवले पुरोथायोनिन. ग्रीक भाषेत 'पुरोस' म्हणजे गहू आणि 'थिऑन' म्हणजे गंधक. पेनिसिलिन नुकते कोठे दवाखान्यात येऊ लागले होते त्याच काळातली ही गोष्ट. मग गव्हाचे औषध मागे का पडले? कारण त्याच वर्षी हे प्रथिन प्रयोगशाळेतल्या लहान प्राण्यांना टोचून पाहिले, तेव्हा ते विषारी ठरले. पोटातून दिले तर काही होत नव्हते, म्हणून आपण चपाती बिनघोर खातो. पण जे टोचता येत नाही ते जखमेच्या रोग्याला काय कामाचे? १९७२ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी हेच प्रथिन पिकांवर रोग आणणाऱ्या निरनिराळ्या जीवाणूंवर वापरून पाहिले. काही मेले, काहींना फरक पडला नाही.

पुढे १९९० साली गहू व बार्लीतच आणखी एक घराणे सापडले. त्यांची घडण कीटकांच्या आणि माणसाच्याही अंगात असणाऱ्या 'डिफेन्सिन' नावाच्या संरक्षक पेप्टाइडांसारखी निघाली, म्हणून त्यांना वनस्पती-डिफेन्सिन म्हणू लागले. पंचेचाळीस ते चोपन्न मण्यांची माळ, त्यांत आठ मणी सिस्टीन नावाचे. सिस्टीनमध्ये गंधक असते आणि दोन सिस्टीन एकमेकांना गाठ मारतात. आठ सिस्टीन म्हणजे चार गाठी. ऊसतोड मजूर मोळी वाढ्याने आवळून बांधतो ना, तसे. सैल मोळी गाडीत चढवेपर्यंत सुटते, आवळलेली गव्हाणीपर्यंत जाते. या गाठींमुळेच ही पेप्टाइडे उष्णतेला व आम्लाला बरीच टिकतात. बटाट्यात १९९९ साली स्पेनमध्ये 'स्नेकिन' सापडले, त्यात त्रेसष्ट मणी आणि सहा गाठी. बटाट्याला वलयकूज आणणाऱ्या जीवाणूच्या जातभाईला ते आवर घालते.

जंतू मरतो कसा, हे समजायला आपल्याला मातीचा दाखला पुरेसा आहे. माती परीक्षणाच्या शिबिरात आपण सांगतो की, काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युत भार असतो. म्हणून अमोनियम रूपातले नत्र, ज्यावर धन भार असतो, ते कणाला चिकटून राहते. नायट्रेटवर ऋण भार, ते पाण्याबरोबर निचरून जाते. जीवाणूच्या अंगावरचे आवरण असेच ऋण भाराचे असते. ही पेप्टाइडे बहुतेक धन भाराची. ती मातीच्या कणाला अमोनियम चिकटावे तशी जीवाणूला जाऊन चिकटतात, आवरणात शिरतात, भोके पाडतात आणि आतला माल बाहेर वाहून जातो. आपल्या शरीरातील पेशींच्या बाहेरच्या अंगाला असा ऋण भार फारसा नसतो, त्यामुळे पुष्कळशी पेप्टाइडे माणसाच्या पेशीला सोडून जंतूलाच धरतात. सगळी नव्हे, गव्हाचे उदाहरण वर दिलेच आहे.

यात मोठा फायदा असा की, नेहमीचे प्रतिजैविक जीवाणूच्या एखाद्याच यंत्राच्या एखाद्याच खिट्टीत बसते. जीवाणूने खिट्टीचा आकार बदलला की औषध निकामी. आवरणच बदलायचे म्हणजे जीवाणूला सगळे घर नव्याने बांधायला लागते. ते अवघड आहे. अशक्य मात्र नाही. कोलिस्टिन हेही आवरणावर घाला घालणारे पेप्टाइडच आहे, एका जीवाणूपासून मिळवलेले, आणि त्यालाही दाद न देणारे जंतू निघाले आहेतच.

आणि तोटा? तोही मातीनेच समजतो. नदीकाठच्या ज्यांच्या जमिनी खारवट झाल्या त्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. जमिनीत सोडियम वाढला की तो मातीच्या कणावरच्या जागा अडवून बसतो आणि चांगल्या अन्नद्रव्यांना थारा मिळत नाही. आपल्या रक्तात मीठ आहे. परीक्षानळीतल्या साध्या पाण्यात जी पेप्टाइडे जीवाणूंचा फडशा पाडतात, त्यांतली बरीचशी रक्ताइतके मीठ घातले की ढिली पडतात. प्रयोगशाळेतील बातमी आणि दवाखान्यातील औषध यांच्यामध्ये जी दरी आहे, तिचे एक मोठे कारण हे आहे.

यावर एक कथा सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात आफ्रिकेतील काँगो देशात रेडक्रॉसच्या पथकात लोरेंट्स ग्रान नावाचे नॉर्वेचे डॉक्टर काम करीत होते. तिथल्या बायका बाळंतपण लवकर व्हावे म्हणून एका रानटी झाडपाल्याचा काढा पितात, हे त्यांनी पाहिले. त्यातला गुणकारी भाग पेप्टाइड निघाला, नाव 'कलाटा बी-१'. नवल हे की पेप्टाइड उकळल्यावर आणि पोटातल्या रसात गेल्यावर मोडायला हवे, हे मोडत नव्हते. कारण १९९५ साली उलगडले. या एकोणतीस मण्यांच्या माळेला टोकच नाही! दोन्ही टोके एकमेकांना जोडून बांगडी झालेली, आणि आत तीन गाठींचा पीळ. पाचक रसांपैकी पुष्कळसे माळ टोकाकडून खात येतात, इथे टोकच नाही तर सुरुवात कोठून करणार? १९९९ मध्ये कलाटा व त्याची भावंडे जीवाणू मारतात असेही आढळले, पण पुन्हा तेच, मिठाच्या पाण्यात त्यातल्या बहुतेकांचा जोर ओसरला.

या घराण्याला सायक्लोटाइड म्हणतात. औषधी दुकानात मिळणारा बनफशा घ्या, त्याच्यात आहेत. आणि आपल्या कुंपणावरच्या निळ्या गोकर्णीत आहेत! हे २०११ साली ऑस्ट्रेलियात सिद्ध झाले. गोकर्णीच्या अर्कापासून तेथे कापसावरील किडींसाठी फवारणीचे औषधही बाजारात आले. माळेची टोके जोडणारे गोकर्णीतले विकर २०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी वेगळे काढले. हे वाचल्यापासून गट ऑफिसच्या तारेवरची वेल मी छाटू दिलेली नाही. शिपाईमामा कुरकुरतात.

मग आपल्या उसात काय आहे? ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी उसाच्या जनुकांच्या नोंदी चाळून सहा डिफेन्सिन शोधली आणि २००८ मध्ये तीन प्रयोगशाळेत तयार करून तपासली. तिन्ही बुरशीवर चालली. जीवाणूवर एकही नाही. वाचताना मला जरा वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण शास्त्रात असेच असते. बुरशीवर चालते हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे, लाल कूज आणि काणी हे बुरशीचेच रोग. पण म्हणून उसाचा रस पिऊन जखमेतला जंतू मरेल असे कोणी म्हणाले तर मानू नका. मधुमेह्याने तर मुळीच मानू नये.

माणसाच्या औषधापर्यंत वनस्पतीचे डिफेन्सिन गेलेच नाही असेही नाही. ऑस्ट्रेलियात तंबाखूच्या शोभिवंत जातीच्या फुलातील डिफेन्सिनचा अभ्यास झाला, त्या कामातून नखांच्या बुरशीसाठी वरून लावायचे औषध तयार केले गेले, आणि रुग्णांवरील चाचणीपर्यंत गेले. २०२२ मध्ये चाचणीत अपेक्षेएवढा गुण दिसला नाही, आणि काम थांबले. एवढ्या वर्षांची मेहनत. आपल्याकडे नवी ऊसजात प्रसारित होण्याआधी किती वाण वाळूत टाकले जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे फार आश्चर्य वाटणार नाही. पिकांच्या बाजूने मात्र आशा अधिक दिसते. मोसंबी-संत्र्याच्या 'ग्रीनिंग' रोगाचा जीवाणू झाडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत राहतो. कॅलिफोर्नियातील हेलिंग जिन यांच्या गटाने २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील रानटी फिंगर लाइम या लिंबातले सदुसष्ट मण्यांचे पेप्टाइड या रोगावर चालते, आणि उन्हाच्या तापमानातही टिकते, हे दाखवले. झाडाचा रोग, झाडाचेच औषध.

खर्चाचाही प्रश्न आहेच. टनभर बिया दळून चिमूटभर पेप्टाइड काढणे परवडणारे नाही. म्हणून त्याचे जनुक यीस्टमध्ये घालून टाक्यांत वाढवतात. आसवनीतले यीस्ट आपल्यासाठी मद्यार्क करते, ते यीस्ट पेप्टाइड करील. मळीवर यीस्ट वाढवणे साखर कारखानदाराला नवे नाही. पण औषधाची शुद्धता ही वेगळीच गोष्ट, तेथे आपण आज घाई करण्यात अर्थ नाही.

आता शीर्षकातल्या रेघेकडे येतो. लेख लिहायला बसलो तो खरे तर हिच्यासाठी.

उसावर एक जीवाणूजन्य रोग आहे, 'लीफ स्काल्ड'. पान पोळल्यासारखे होते. आपल्या भागात गवताळ वाढ, काणी, लाल कूज यांच्यापुढे त्याचे नाव फारसे निघत नाही. याची खूण म्हणजे पानाच्या शिरेला धरून, पट्टीने पेन्सिल ओढावी तशी एक बारीक, सरळ, पांढरी रेघ. जीवाणूचे नाव झॅन्थोमोनास अल्बिलिनियन्स, म्हणजेच पांढऱ्या रेघेचा. केवडा आणि ही रेघ यात घोळ करू नका. केवडा लोहाच्या कमतरतेने, चुनखडीच्या जमिनीत पडतो. त्यात कोवळी पाने सबंध पिवळी-पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फेरस सल्फेटच्या फवारणीने तो उतरतो. ही रेघ उतरत नाही.

रेघ पांढरी का? तर हा जीवाणू अल्बिसिडिन नावाचे एक द्रव्य सोडतो. पानाला हिरवेपणा देणाऱ्या कणांना ते तयारच होऊ देत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे रॉबर्ट बर्च यांनी १९८० च्या दशकात त्याचा माग काढला आणि त्यांच्या लक्षात आले की हेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात माणसाच्या रोगकारक जीवाणूंनाही मारते. असे का व्हावे? पानातले हिरवे कण हे कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत शिरून राहिलेल्या जीवाणूंचेच वंशज. म्हणून त्यांच्याकडे जीवाणूंसारखेच 'गायरेज' नावाचे विकर आहे. डी.एन.ए.च्या दोरीला पडलेला पीळ सोडवण्याचे काम ते करते. चऱ्हाट वळताना गाठ पडून आकसते ना, ती सोडवणारा हात समजा. अल्बिसिडिन तो हातच अडकवून ठेवते. माणसाच्या पेशीत हे विकर नाही.

गायरेजवर मारा करणारी औषधे आपल्या माहितीची आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी कोणत्या घरात गेली नाही? आबांच्या कागदावर तिच्यापुढेही 'आर' होते. अल्बिसिडिन त्याच विकरावर पण वेगळ्या तऱ्हेने बसते, त्यामुळे सिप्रोला न जुमानणारे जीवाणूही त्याने मरतात. अडचण ही होती की, जीवाणू ते इतके थोडे तयार करतो की त्याची घडण कळायलाच २०१५ साल उजाडले. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील रॉडरिक स्यूसमुथ यांच्या गटाने फ्रेंच संशोधकांबरोबर ते काम केले. हेही मण्यांची माळच आहे, पेप्टाइडांच्या नात्यातले, मणी मात्र नेहमीचे नव्हेत. घडण कळल्यावर ते प्रयोगशाळेत जुळवता येऊ लागले, थोडेथोडे फरक करून त्याचे नवे नमुने करता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधील जॉन इनेस सेंटर, बर्लिन आणि पोलंड येथील संशोधकांनी त्याचे विकराला अडकलेले चित्रच मिळवले. चालत्या यंत्रात पाना घुसावा तसा त्याचा वाकडा तुकडा विकर आणि डी.एन.ए. यांच्यामध्ये बसतो.

म्हणजे हे औषध उसाने केलेले नाही, उसाच्या वैऱ्याने उसाला मारण्यासाठी केले आहे. वनस्पती आणि तिचा जंतू यांच्या भांडणात दोघांनीही हत्यारे घडवली, आणि माणूस बांधावर उभा राहून कोणते आपल्या कामाचे आहे ते पाहतो आहे. याच भांडणात आपल्या ओळखीचे तिसरेही कोणी आहे. बेण्याला आपण ज्या ॲसिटोबॅक्टरची प्रक्रिया करतो, तो उसाच्या आत राहून हवेतले नत्र देणारा जीवाणू १९८८ साली ब्राझीलमध्ये उसातूनच वेगळा केला गेला. तो या पांढऱ्या रेघेच्या जीवाणूची वाढ रोखणारे प्रथिन सोडतो असे क्युबातील संशोधकांना दिसले. पुडके आपण नत्रासाठी विकत घेतो, राखणदारी फुकटात.

अल्बिसिडिन अजून औषधाच्या दुकानात आलेले नाही. २०२३ मध्येच बर्लिनच्या दुसऱ्या एका गटाने दाखवले की, काही जीवाणू एका जनुकाच्या जास्तीच्या प्रती करून या द्रव्याला गिळून बसतात आणि हजारपटीपर्यंत सहन करतात. औषध बाजारात येण्याआधीच पळवाट तयार! त्यामुळे संशोधक आता ती पळवाट धरूनच नवे नमुने करीत आहेत.

हे सगळे आबांना मी एका दुपारी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे माझ्या बोटांच्या वेळी नव्हतं." मी म्हणालो, "नव्हतं. अजूनही नाही." ते गप्प बसले. मग म्हणाले, "कोनाड्यातल्या त्या गोळ्या फेकून दे बरं." त्या तशाच होत्या.

हे लिहिण्याचे आणखी एक निमित्त घडले. गेल्या महिन्यात एक गृहस्थ गट ऑफिसला येऊन गेले. हातात चकचकीत पाकिटे, वर 'वनस्पतीज पेप्टाइड' असे छापलेले. उसावर फवारा, जनावराला पाजा, माणसाने दुधातून घ्या, सगळ्यावर एकच. किंमत चारशे रुपये. मी विचारले, कोणत्या वनस्पतीतले, किती मण्यांचे, कोणत्या जीवाणूवर तपासले? म्हणाले, "साहेब, तुम्ही फार खोलात जाता." चार-पाच सभासदांनी तोवर घेतलेली होती. सभासदांनी हे समजून घ्यावे की, माणसाच्या जखमेतला जीवाणू मारणारे वनस्पती-पेप्टाइड आज कोणत्याही दुकानात औषध म्हणून मिळत नाही. मिळते असे सांगणारा खोटे सांगतो. कारखान्याने असे कोणतेही पाकीट शिफारस केलेले नाही. जखम चिघळली, विशेषतः मधुमेह असेल तर, डॉक्टरांकडे जा, पू तपासून घ्या, आणि गोळ्या ते सांगतील तितके दिवस घ्या. बैलाच्या खांद्यासाठी आणलेले इंजेक्शन माणसाला टोचल्याचेही एक उदाहरण मला माहीत आहे, त्याबद्दल येथे जास्त लिहीत नाही.

शेवटी शेतकी खात्याची सूचना. उसाच्या पानावर वर सांगितल्याप्रमाणे शिरेलगत सरळ बारीक पांढरी रेघ दिसली, किंवा शेंडा वाळून बुडापासून वरपर्यंत डोळे एकदम फुटू लागले, तर बेट उपटू नका, पाने तोडून गट ऑफिसला आणू नका. नुसता गट नंबर, लागणीची तारीख आणि जात आपल्या चीटबॉयकडे कळवा, माणूस येऊन पाहून जाईल. हा जीवाणू कोयत्याच्या पात्यावरून एका बेटातून दुसऱ्यात जातो. म्हणून संशय असलेल्या प्लॉटमधील बेणे कोणाला देऊ नये, आणि त्या प्लॉटमध्ये वापरलेला कोयता जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्या रानात नेऊ नये. बेणेमळ्यासाठी ५४ अंशांवरील उष्ण बाष्प हवा प्रक्रियेचे बेणे लागणार असेल त्यांनी नावनोंदणी गट ऑफिसमध्ये करावी. प्रक्रियेच्या पेटीत एका वेळी मावेल तेवढेच बेणे घेता येते, त्यामुळे नंबर नोंदणीच्या क्रमाने लागतील.